रंगवलेल्या हातकागदावरची एडिशन: आकडा घालण्याआधी

प्रश्न असा आहे. सांगलीकडच्या एक तरुण चित्रकार लिनोकट करतात, म्हणजे लिनोलियमचा तुकडा खोदून त्याच्या ठशाने छापतात. त्यांनी हातकागदाचे ५० ताव आणून घरीच रंगवले: १० हळदीत, १२ चहात, १२ डाळिंबाच्या सालीत आणि १६ निळीत. त्यांवर एकाच लिनोची ५० प्रतींची एडिशन, म्हणजे ठरावीक संख्येच्या, आकडा घातलेल्या प्रती, काढायला घेतली. पहिल्या दहा प्रिंट्सना दहा वेगळ्या छटा आल्या. काहींत बारीक रेषा तुटल्या, दोन-तीन ठिकाणी शाईभोवती तेलाचं पिवळट कडं उमटलं, आणि निळीचा ताव हाताळला की बोटं निळी होतात. त्या विचारतात: या प्रिंट्सवर १/५०, २/५० असं लिहिता येईल का, कागद आणि रंग किती टिकतील, आणि नेमकं चुकलं कुठे.

तुमच्या खोदकामात आणि शाई लावण्यात मला दोष दिसत नाही. काळा भाग भरीव आलाय, खोदलेल्या जागा स्वच्छ राहिल्यात. जे बिघडलं ते रोलर हातात घेण्याच्या आधीच बिघडलं. मी तीसेक वर्षं छापते आहे, एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने कोरून छापणं) जास्त आणि लाकडी ठसे त्याखालोखाल. हातकागदावर काम असेल तेव्हा माझा निम्म्याहून जास्त वेळ प्रेसपासून लांब, नुसता कागदाशी जातो. एडिशन आधी कागदाची काढायची असते. वीस ताव एकमेकांची भावंडं वाटायला लागले, की मग ठशाला हात लावायचा.

आधी कागदाचंच बोलू. दुकानात ‘हँडमेड’ हा शब्द फार सैल वापरतात. आपल्याकडचा चांगला हातकागद होजिअरीच्या सुती कतरणीचा असतो, म्हणजे बनियन आणि टीशर्ट शिवताना उरलेल्या तुकड्यांचा. ते बारीक कापून हॉलंडर बीटरमध्ये पाण्याबरोबर तासन्‌तास कुटले की लगदा होतो. लगद्याच्या हौदात जाळीची चौकट बुडवून उचलायची आणि उचलताना मागेपुढे, डावीउजवीकडे हलवायची, म्हणजे तंतू उभेआडवे एकमेकांत अडकतात. त्यामुळे मशीनच्या कागदाला तंतूंची जशी ठरलेली दिशा असते तशी याला नसते. ओला झाला तर तो चारी बाजूंनी साधारण सारखाच फुगतो. दोन-तीन रंगांचे ठसे एकावर एक बसवणाऱ्याला याची किंमत कळते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आणि जयपूरजवळच्या सांगानेरचे कागझी कारागीर या सुती कतरणीवरच काम करत आले आहेत.

ताव विकत घेताना मी चार गोष्टी बघते. एक तर तो खिडकीसमोर धरते. लगदा नीट पसरला असेल तर उजेड सगळीकडून सारखा येतो, नाहीतर ढगाळ आभाळासारखे जाड-पातळ पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांवरच तुमच्या बारीक रेषा तुटल्या असणार. मग कोपरा धरून ताव हलकेच हलवते. खळ किंवा सरस बसलेला कागद खणखणतो, न बसलेला मऊ फडक्यासारखा लोंबतो. कोपऱ्याला जिभेचं टोक लावते. जीभ चिकटली तर कागद उघडा आहे, पाणी आणि तेल दोन्ही पिणार. तुमच्या शाईभोवतीचं पिवळं कडं यातूनच आलंय: शाईतलं जवसाचं तेल उघड्या कागदात पसरलं. आणि शेवटी डोळे मिटून तळवा सबंध तावावरून फिरवते, दोन्ही बाजूंनी.

हे शेवटचं मी फार महागात शिकले. एका जस्ताच्या प्लेटवर मी अडीच महिने काम केलं होतं, वरचं सगळं आभाळ, आम्लाने उठवलेल्या कणांची छटा देणाऱ्या, बारीक अ‍ॅक्वाटिंटमध्ये. ३० ची एडिशन ठरलेली. नववी प्रिंट प्रेसमधून उचलली आणि आभाळाच्या उजव्या बाजूला, मोहरीपेक्षा लहान, एक काळा ठिपका दिसला. धूळ असेल म्हणून दहावी काढली. ठिपका तिथेच. कागद उलटा करून पाहिला तर नवव्या तावात वाळूचा एक कण होता. रूळाच्या दाबाखाली तो कण मऊ जस्तात रुतला आणि तिथे खड्डा पडला. त्या खड्ड्यात प्रत्येक वेळी शाई साठणार आणि प्रत्येक प्रिंटवर उमटणार. खड्डा बर्निशरने घासून काढता येतो, पण अ‍ॅक्वाटिंटमध्ये घासलेली जागा फिकी पडते आणि ठिपक्याऐवजी तिथे डाग दिसतो. ती एडिशन ८ वर थांबली. तेव्हापासून माझ्याकडचा एकही ताव तळहाताखालून गेल्याशिवाय प्रेसवर जात नाही. फुलांच्या पाकळ्या, गवत, भाताचा तूस घातलेले शोभेचे कागद तर छपाईला अजिबात घेऊ नका. ते लग्नपत्रिकेला छान दिसतात. लिनो जस्ताहूनही मऊ असतो.

तुमच्यासारखं चमच्याने किंवा बारेनने (कागदाची पाठ घासायच्या चपट्या गोल गादीने) घासून छापायचं असेल तर ८० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम), घोटलेला किंवा कॅलेंडर केलेला, म्हणजे रुळांमधून दाबून गुळगुळीत केलेला, ताव घ्या. जाड २५०-३०० जीएसएमचा कागद प्रेसवरच्या एचिंगचा. हाताने घासून त्याच्या खळग्यांत शाई पोचत नाही, मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके राहतात. घोटाई घरीही होते. काचेवर ताव पसरायचा आणि गुळगुळीत अकीक किंवा मोठी कवडी एकाच दिशेने, दमाने फिरवायची. जुन्नरी आणि दौलताबादी कागद असेच खळ लावून घोटलेले असत. पेशवे दफ्तरातले मोडी कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना ती तुळतुळीत पाठ आणि बोरूची न फुटलेली रेघ आठवत असेल. तो कागद इतका टिकला याचं एक कारण चिंध्यांचा आणि तागाचा लांब तंतू, आणि दुसरं म्हणजे काजळाची शाई. काजळ कागदाला खात नाही. हे इथे सांगते कारण रंगाकडे वळल्यावर नेमका हाच मुद्दा येणार आहे.

हळद. मन दुखेल, पण हळदीचे ताव बाजूला ठेवा. हळदीइतका लोभस पिवळा दुसरा नाही आणि हळदीइतका लवकर उडणाराही नाही. माझ्या पट्ट्यांच्या वहीत हळदीची पट्टी उन्हाच्या खिडकीत पहिल्या आठवड्यातच उतरायला लागली आणि महिन्याभरात मळक्या पांढऱ्यावर आली. शिवाय हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. निळीच्या हौदात चुना असतो. त्याचा एक थेंब हळदीच्या तावावर उडाला की लाल ठिपका, आणि कागद बनवणाऱ्याने लगद्यात क्षार जास्त घातला असेल तर सबंध ताव नारिंगीकडे झुकतो. पिवळाच हवा असेल तर डाळिंबाची साल आहे की. तिचा पिवळा हळदीसारखा झगझगीत नसतो, जरा मातकट असतो, पण उजेडात कितीतरी पटींनी जास्त तग धरतो.

चहा आणि डाळिंबाची साल, दोन्हींत टॅनिन असतं. टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं पडतं. हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते तेच हे. आता गंमत अशी की बीटरची पाती लोखंडाची असतात आणि झिजता झिजता त्यांचे अतिबारीक कण लगद्यात उतरतात. पांढऱ्या कागदात ते दिसत नाहीत. तो कागद चहात बुडवला की दुसऱ्या दिवशी सुईच्या टोकाएवढे काळे-निळे ठिपके उगवतात, आणि दमट हवेत वर्षानुवर्षं वाढत राहतात. म्हणून टॅनिनमध्ये अख्खी थप्पी घालण्याआधी प्रत्येक लॉटमधली एक पट्टी बुडवून दोन दिवस ठेवायची. ठिपके आले तर तो लॉट निळीला वापरायचा. त्याच कारणाने करडा किंवा काळा रंग यावा म्हणून हिराकस, गंजलेले खिळे, लोखंडाचं गूळपाणी असलं काही कागदावर घालू नका. कापडावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि सुंदर दिसतं. पण कापड आपण वापरून संपवतो. लोखंड आणि आम्ल मिळून कागदाचा तंतू आतून कुरतडतात. जुन्या वह्यांमध्ये जिथे अशी शाई दाट बसली होती तिथे अक्षराच्या आकाराची भोकं पडलेली मी पाहिली आहेत.

तुरटीबद्दलही सावध राहा. रंग पक्का व्हावा म्हणून मूठभर तुरटी टाकायची सवय कापड रंगवणाऱ्यांकडून येते. तुरटी आम्लधर्मी आहे. कागदात राहिली तर तो पिवळा आणि ठिसूळ होतो. अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिटेट मिळालं तर ते वापरा. तुरटीच वापरायची तर अगदी थोडी, आणि नंतर दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढून शेवटचं पाणी खडूच्या बारीक भुकटीचं द्या. टॅनिनचा रंग त्याने किंचित गडद होईल, ते आधीच धरून चाला. ताव वाळल्यावर त्यावर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून पीएचची पट्टी दाबायची. ७ च्या आसपास किंवा थोडं वर आलं की मी निश्चिंत होते. ५ च्या खाली आलेला ताव मी एडिशनला घेत नाही.

नीळ ही कागदाची खरी मैत्रीण. ती तंतूला धरून बसते, उजेडात टिकते, आणि चुन्याच्या हौदातून आल्यामुळे कागदात मागे थोडा क्षार राहतो. नीट धुतल्यावर जो उरतो तो कागदाच्या भल्याचाच असतो. पण नीळ पाण्यात विरघळत नाही. आधी तिच्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. मी चुना आणि फळसाखर वापरते; दक्षिणेत टाकळ्याचं बी शिजवून आंबवतात. हौद तयार झाला की वर तांबूस-जांभळी साय आणि खाली पिवळट हिरवं पाणी दिसतं. ताव कधीही हाताने धरून बुडवू नका, ओला हातकागद स्वतःच्या वजनाने फाटतो. डासांच्या जाळीचा प्लास्टिकचा तुकडा तावाएवढा कापायचा, त्यावर ताव ठेवून जाळीसकट उतरवायचा, मनात वीस मोजायचे आणि जाळीसकटच उचलायचा. बाहेर येतो तेव्हा तो कच्च्या कैरीच्या गरासारखा असतो. मग वाऱ्याकडच्या कडेने निळा शिरायला लागतो, आणि मिनिटभरात हिरवा पार मधोमध सरकून नाहीसा होतो. इतक्या वर्षांनीही त्या मिनिटात मी दुसरं काही करत नाही.

तुमच्या बोटांना लागणारा निळा हा वर नुसता बसलेला, आत न गेलेला रंग आहे. हौद घाईने गडद केला आणि एकाच बुडीत काम उरकलं की असं होतं. फिका हौद, तीन-चार बुड्या, प्रत्येक बुडीनंतर पुरती हवा, आणि शेवटी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं. तरीही थोडा लागला तर वाळल्यावर जिलेटिनचा हात द्या: १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम, रुंद मऊ ब्रशने, दोन्ही बाजूंनी. याने वरचा रंग धरला जातो आणि कागदाची तेल पिण्याची खोडही मोडते. तुमच्या दोन तक्रारी या एका हाताने सुटतील.

दहा प्रिंट्सना दहा छटा आल्या त्यामागे चार रंग आहेतच, पण एकाच रंगातही ताव वेगळे निघाले, त्याचं कारण साधं आहे. पातेल्यात पहिला गेलेला ताव सर्वांत जास्त रंग पितो आणि बारावा उरलासुरला. म्हणून रंगवण्याआधी प्रत्येक तावाच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घाला. पहिली बुडी १ पासून १२ पर्यंत, दुसरी उलटी, १२ पासून १ पर्यंत, तिसरी मधल्यांपासून बाहेर. एका गडद बुडीपेक्षा तीन फिक्या बुड्यांनी ताव एकमेकांच्या किती जवळ येतात ते करून बघा. वाळवताना दोरीवर चिमटे लावून टांगू नका. रंग खाली उतरून तळाला गडद पट्टी येते. जुन्या धुतलेल्या सुती चादरीवर सावलीत आडवे ठेवायचे, निम्मे वाळले की ब्लॉटिंगमध्ये घालून वर वजन.

आणि संख्या. २० ची एडिशन हवी तर मी २८ ते ३० ताव रंगवते. दोन-तीन रंगवताना फाटतात, दोन-तीन छटेत बसत नाहीत, तीनेक प्रूफला, म्हणजे चाचणीच्या प्रतींना, जातात. त्याच लिनोवर थोडं थोडं कापत पुढचा रंग छापणार असाल तर हे आणखी कडक पाळा, कारण पुढचा भाग कापला की मागचा रंग परत छापता येत नाही. तावांच्या कडाही सरळ नसतात, त्यामुळे कड टेकवून नोंद जुळत नाही. तावाच्या मागे दोन ठरलेल्या जागी छोटे टॅब लावून पिनांवर बसवा, आणि कडा छापल्यानंतरही तशाच राहू द्या.

इतका खटाटोप नको असेल तर दोन सरळ वाटा आहेत. पहिली, कागद बनवणाऱ्याकडूनच लगद्यात रंगवलेले ताव घ्या, पण एकाच लगद्यातले, आणि पुढचे-मागचे धरून हवे तेवढे एकदमच. रंग आरपार असतो, फाडलेली कडही त्याच रंगाची दिसते. डेनिमच्या कतरणीचा निळा कागद असाच येतो, रंगवण्याची भानगडच नाही. दुसरी वाट मला स्वतःला जास्त आवडते: पातळ कागद रंगवायचा, नेपाळी लोकता किंवा जपानी कोझो, आणि तो ठशाच्या मापाचा कापून जाड पांढऱ्या सुती कागदावर चिकटवायचा. याला शीन कोले म्हणतात. प्रेसवर हे एकाच फेरीत होतं: शाई लावलेल्या प्लेटवर पातळ कागद पालथा, त्याच्या पाठीला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, वर जाड ओलसर कागद. हाताने छापणाऱ्यांनी आधी चिकटवून, दाबाखाली पूर्ण वाळवून मग छापावं. चित्रकार झरीना हाश्मींचा १९९९ चा ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ हा ३६ वुडकट्सचा संच कुठे प्रदर्शनात दिसला तर जवळ जाऊन बघा; छापलेला पातळ कागद जाड कागदावर कसा बसलाय आणि भोवतालचा रिकामा कागद किती बोलतो ते. पातळ कागद एका मोठ्या तावातून सहा-आठ तुकडे देतो, म्हणजे छटा जुळवायलाही सोपं.

बंगालचे शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होरांनी १९७० च्या दशकात याच्याही पुढे जाऊन ‘वूंड्स’ मालिकेत शाईच सोडली. आधी मातीवर घाव घातले, त्याचा सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात पांढरा लगदा दाबला. तिथे कागद हेच चित्र. तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध नाही, पण कागदाकडे नुसती पाठपट्टी म्हणून बघायची सवय मोडायला ती कामं मला फार उपयोगी पडली.

आता आकड्यांकडे. ७/३० याचा अर्थ लोक सातवी छापलेली प्रत असा घेतात. तसं नसतं, वाळल्यावर आपण ज्या क्रमाने सह्या करतो तो क्रम असतो. महत्त्वाचा आकडा खालचा. तो घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे: या ठशातून अशा इतक्याच प्रती निघाल्या, आणि त्या सगळ्या एकमेकींसारख्या आहेत. पूर्वी ही मर्यादा धातूच घालून द्यायचा. ड्रायपॉइंटच्या, म्हणजे धातूवर सुईने थेट ओढलेल्या, रेषेकडेचा मऊ कंगोरा दहा-वीस प्रिंट्समध्ये झिजतो, त्यानंतर ती रेषा तशी येतच नाही. लिनो किंवा लाकूड शेकडो प्रती देतं, तिथे मर्यादा आपण स्वखुशीने घालतो, म्हणून ती जास्त काटेकोर पाळायची. राजा रवि वर्मांच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्याने उलट वाट धरली. घराघरांत देवादिकांची चित्रं पोचावीत म्हणून हव्या तितक्या प्रती काढल्या. तेही मोठं काम आहे, पण तिथे कुणाला आकड्याचा शब्द दिलेला नव्हता. वेगवेगळ्या कागदांची हौस तर फार जुनी: रेम्ब्रांट १६४७ च्या सुमारापासून आपल्या प्लेट्स जपानी कागदावरही छापायचा, आणि एकाच प्लेटची तिथली प्रत युरोपी कागदावरच्या प्रतीपेक्षा उबदार दिसते.

मग छटा वेगळ्या असतील तर काय करायचं? त्याला रीतसर नाव आहे, एडिशन व्हारिए, म्हणजे फेरफाराची एडिशन. आकड्यापुढे ई.व्ही. लिहायचं: ई.व्ही. ३/१२. ठसा तोच, शाई तीच, कागदाची छटा प्रत्येकीची वेगळी, हे त्या दोन अक्षरांत घेणाऱ्याला कळतं. यात कमीपणा काही नाही. हाताने रंगवलेल्या कागदाचं देखणेपण त्यातच आहे. फसवणूक होते ती दहा छटांवर बिनदिक्कत १/५० ते १०/५० लिहिलं की. पन्नासपैकी एक घेणाऱ्याला वाटतं बाकीच्या ४९ अशाच असतील, आणि तुमच्याकडे तर ती निळी आहे, शेजारची पिवळी.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मी असं करीन. छापलेल्या दहा प्रिंट्सवर टी.पी. लिहा, ट्रायल प्रूफ. उरलेल्या ४० तावांपैकी हळदीचे ७ विक्रीला काढू नका. शाईचा दाब आणि घासण्याचा हात बसवायला वापरा. निळीचे १३ कोरे ताव आहेत. निळीवर नीळ चढते, तेव्हा ते फिक्या हौदातून पुन्हा दोनदा काढा, धुवा, जिलेटिन द्या, घोटा. सकाळच्या उजेडात ते जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि वेगळा वाटेल तो उचला. घरातल्या दुसऱ्या कुणालाही उचलायला सांगा, आपले डोळे आपल्याच कामाला माफ करतात. त्यातून १० ची सरळ एडिशन निघेल, १/१० ते १०/१०, आणि एक ए.पी. म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ तुमच्यासाठी. ए.पी. सहसा एडिशनच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा फार जास्त नसाव्यात. डाळिंबाच्या १० कोऱ्या तावांतून ८ ची ई.व्ही.; त्यांना रोमन आकडे घाला, म्हणजे कागद वेगळा हे बघताक्षणी कळेल. एकाच ठशाच्या दोन एडिशन्स होत असल्याने दोन्हींच्या कागदपत्रांत एकूण हिशेब लिहायचा: निळी १०, डाळिंबी ८, ए.पी. १, टी.पी. १०. पन्नासच्या हिशेबाने एखादी आधीच विकली गेली असेल तर त्या व्यक्तीला हे कळवा. प्रती कमी झाल्याचं कुणाला वाईट वाटत नाही, न सांगितल्याचं वाटतं.

एडिशनला बसण्याआधी एक प्रिंट अशी काढा की यापेक्षा चांगली आपल्याला नको. तिच्यावर बी.ए.टी. (फ्रेंच ‘बाँ आ तिरे’, म्हणजे ‘छापायला योग्य’) लिहून ती भिंतीवर लावा आणि प्रत्येक ओली प्रत तिच्याशेजारी धरून बघा. रंगीत कागदावर शाई बदलते, हे तेव्हा डोळ्यांना कळेल: पारदर्शक तांबडा निळीवर जांभळट काळा होतो, आणि उजळ रंग हवा असेल तर खाली आधी अपारदर्शक पांढऱ्याचा थर लागतो. सही, नाव, आकडा पेन्सिलनेच, एचबी किंवा थोडी कडक: डावीकडे आकडा, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. ग्रॅफाइट उजेडात उडत नाही, पाण्यात पसरत नाही, आणि पेन्सिलची खोबण कागदात राहते, ती छापून नकलता येत नाही. एका वहीत कागद कुठला, कोणत्या तारखेला रंगवला, नीळ किती, शाई कुठली, किती ताव वाया गेले हे लिहून ठेवा, आणि शेजारी प्रत्येक लॉटची एक पट्टी चिकटवा. त्या पट्टीची जुळी पट्टी अर्धी चांदीच्या कागदात गुंडाळून दक्षिणेच्या खिडकीला सहा आठवडे लावा. रंग किती टिकेल या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तीच देईल.

पावसाळ्यात मी एडिशन सुरू करत नाही. जूनमध्ये पहिला रंग आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा, असं केलं तर कागदाचं मापच बदललेलं असतं. तेलाची शाई आठवडाभर ओली राहते, आणि खळ-जिलेटिन लावलेल्या कागदावर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. ताव कपाटात भिंतीपासून दूर, दर पंधरा दिवसांनी हवा देऊन ठेवा. पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवतात तसा मीही कोपऱ्यात ठेवते, पण कागदाला टेकू देत नाही. घेणाऱ्याला सांगा: काच प्रिंटला लागता कामा नये, मध्ये माउंट हवा, मागे सेलोटेप नको, आणि उन्हाच्या भिंतीवर नको.

लिनो अजून रद्द करू नका. दोन्ही एडिशन्स वाळून सह्या झाल्या की मग त्यावर एक आडवी ठळक रेघ कापा आणि त्याची एक प्रिंट काढून वहीत लावा. चहाच्या १० तावांचं मी अजून काही म्हटलेलं नाही, कारण ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्या दिवसा भिंग घेऊन दोन्ही बाजू तपासा, काळे ठिपके आहेत का आणि पीएचची पट्टी किती दाखवते ते कळवा. मग त्यांचं काय करायचं ते ठरवू.